पदरी घेणं

आदरणीय ताई, ख्रिस्तात सलाम.

मी नगर जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीची, म्हणजे चर्चची, सभासद आहे. वय ४७. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून महिला मंडळात आहे, गेली सहा वर्षं खजिनदार. दोन वर्षांपूर्वी कापणीच्या सणाच्या लिलावाचे पैसे माझ्याकडे आले. त्याच आठवड्यात मुलाच्या डिप्लोमाच्या प्रवेशाची शेवटची तारीख होती आणि मिस्टरांचा पगार तीन महिने थकलेला होता. मी त्या पैशांतले १२,००० रुपये काढले. महिन्याभरात परत ठेवू असं मनात होतं. पण पंधरा दिवसांतच कमिटीने हिशोब मागितला. मी घाबरले आणि म्हणाले, "माझ्याकडे आले ते एवढेच." लिलावाच्या दिवशी टेबलावर बसून पैसे गोळा करणारी आमच्यातलीच एक विधवा बाई होती. मी तिचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच पडली नाही.

चार महिन्यांनी मी पैसे परत ठेवले आणि "दुसऱ्या पाकिटात सापडले" असं सांगितलं. लोकांनी अर्थ काढायचा तो काढलाच, की तिनेच गुपचूप आणून दिले असतील आणि मी तिची अब्रू झाकते आहे. उलट माझंच कौतुक झालं. ती आता बुधवारच्या प्रार्थनेला येत नाही. रविवारी शेवटच्या बाकावर बसते आणि आशीर्वाद व्हायच्या आत निघून जाते. घरी फॉल-पिकोचं काम करते, दुपारी एकटीच असते. मी दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आले.

मी प्रभूला चार वेळा वचन दिलं, चारही वेळा प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-प्याल्याच्या उपासनेच्या, आदल्या रात्री, की उद्या सांगेन. चारही वेळा मोडलं. आता प्रार्थनेला बसले की शब्द फुटत नाही. देव मला कंटाळला असेल का? पैसे तर मी परत केले, मग आता हे देवाच्या आणि माझ्यामधलंच नाही का? मुलीचं लग्न जमवायचं आहे. प्रभुभोजन घेऊ की नको? आणि कोणत्या तोंडाने मी मंडळीत उभी राहून भजन म्हणू?

— एक बहीण

प्रिय बहिणी, सलाम.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मिळाल्याशिवाय पुढचं काही तुमच्याच्याने होणार नाही. देव तुम्हाला कंटाळलेला नाही. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. तुम्ही चार वचनं मोडलीत म्हणून देवाने धरलेला हात सोडला, असं व्हायचं असतं तर त्याचा हात मुळात तुमच्या वचनांवर टेकलेला असायला हवा होता. तो तसा कधीच नव्हता.

पवित्र शास्त्रातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय काढा. आज रात्री निजण्याआधी काढा. देव अब्रामाशी करार करतो आहे. अब्राम तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी आणि तीन वर्षांचा एडका आणतो, मधोमध चिरतो, तुकडे समोरासमोर मांडतो. त्या काळची रीत अशी, की करार करणाऱ्यांनी त्या तुकड्यांच्या मधून चालत जायचं. मी शब्द मोडला तर माझी गत या जनावरांसारखी होवो, असा त्याचा अर्थ. अब्राम त्या मांसावर उतरणारी गिधाडं हाकलत बसतो. सूर्य मावळायला लागतो, आणि त्याला गाढ झोप लागते. मग मिट्ट अंधारात धुमसणारी भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. अब्राम चालतच नाही. तो झोपलेला आहे. चालला तो एकटा देव.

लहानपणी आमच्या शब्बाथ शाळेत ही गोष्ट सांगत नसत, रक्तामांसाची म्हणून असेल. मी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा चाळिशी उलटली होती, आणि त्या दिवशी मी बराच वेळ पुस्तक मांडीवर तसंच ठेवून बसले होते. कारण तोवर माझंही तुमच्यासारखंच चालायचं. रात्री वचन द्यायचं, सकाळी मोडायचं, आणि मग आपल्या मोडलेल्या वचनाच्या आकाराएवढाच देव उरायचा. तुमच्या पत्रात "मी वचन दिलं" आहे, "मी मोडलं" आहे. देवाने काय वचन दिलं त्याची एकही ओळ नाही. पाचवं वचन देऊ नका. त्या रात्री तुमच्याकडून शब्द हवा होता असं समजून तुम्ही झोपमोड केलीत. त्याने तो मागितलेला नव्हता.

आता दुसरं, जे तुम्हाला जड जाईल.

हाच अब्राहाम, करार झालेला, नाव बदललेलं, म्हातारा झालेला, विसाव्या अध्यायात गरारास जातो आणि आपल्या बायकोला बहीण म्हणून सांगतो. मिसरात एकदा हे करून झालेलं होतं, त्यातून देवाने सोडवलेलं होतं, तरी पुन्हा. तिथला राजा अबीमलेख त्या बायकोला, साराला, आपल्या घरी नेतो. नंतर उघड झाल्यावर राजा जाब विचारतो तेव्हा अब्राहाम काय म्हणतो ते बघा. म्हणतो, मला वाटलं इथे देवाचं भय नाही, बायकोपायी मला मारून टाकतील. आणि वर म्हणतो, तशी ती खरोखरच माझी बहीण आहे, माझ्या बापाची मुलगी आहे, आईची नाही इतकंच.

खोटं नव्हतं ते. "माझ्याकडे आले ते एवढेच" यातसुद्धा आपण कुणाचं नाव घेतलं नाही असं म्हणायला जागा आहेच, आणि तुम्ही पत्रात ते म्हटलंतही.

अब्राहाम भ्याला आणि किंमत साराने मोजली. देव त्या रात्री कुणाच्या बाजूने उभा राहिला? तो अबीमलेखाच्या स्वप्नात गेला आणि म्हणाला, ती परक्याची बायको आहे, परत पाठव. अब्राहामाला त्याने टाकलं नाही. उलट अबीमलेखाला सांगितलं, की तो संदेष्टा आहे, तो तुझ्यासाठी प्रार्थना करील. पण अब्राहामाला सांभाळायचं म्हणून साराला राजाच्या घरात ठेवू दिलं नाही. मग अबीमलेखाने हजार रुपे दिली आणि साराला सांगितलं, की आता सगळ्यांच्या देखत तुझा निर्दोषपणा सिद्ध झाला. साराची अब्रू चारचौघांत भरून काढली ती एका परक्या राजाने. ज्याने काढायची तो नवरा मान खाली घालून उभा होता.

बहिणी, तुम्ही देवाच्या विश्वासूपणाबद्दल विचारता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर तुम्ही एकट्या आहात. मला त्या शेवटच्या बाकावरची बाई दिसते. तीही त्याच देवाची आहे. तिलाही त्याने टाकणार नाही म्हणून सांगितलेलं आहे. दोन वर्षं ती रात्री काय प्रार्थना करत असेल? "प्रभू, तुला तरी माहीत आहे." त्या प्रार्थनेला देव विश्वासू राहणार की नाही? राहणारच. मग तुमच्या पोटात जे ढवळतं आहे, शब्द फुटत नाही, दोनदा पाय तिच्या दारापर्यंत गेले, ते देव दूर गेल्याचं लक्षण तुम्ही का धरता? माझ्या मते ते तिच्या प्रार्थनेचं उत्तर आहे, आणि ते तुमच्यातून येऊ पाहतं आहे. देव सोडून गेला असता तर तुम्ही एव्हाना शांत झोपायला लागला असतात.

म्हणून "पैसे परत केले, मग हे देवाच्या आणि माझ्यामधलंच" हे मला मान्य नाही. पैसे मंडळाचे होते, ते मंडळाला मिळाले. तिचं तुम्ही जे घेतलंत ते अजून तुमच्याकडेच आहे. लेवीय सहाव्या अध्यायात शेजाऱ्याला फसवणाऱ्यासाठी नियम आहे: जे घेतलं ते पुरतं परत करायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि ज्याचं त्याच्या हाती द्यायचं. त्यानंतर दोषार्पण घेऊन याजकाकडे जायचं. हा क्रम वाचून मला पूर्वी नवल वाटायचं, की देवाचं अर्पण मागाहून कसं? प्रभू येशूनेही तोच क्रम ठेवला. वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर.

अर्पण तिथेच ठेव म्हणतो तो. घरी परत ने असं म्हणत नाही. ते वेदीपुढे तुमची वाट बघत राहतं. तुमच्या प्रभुभोजनाच्या प्रश्नाला माझं उत्तर यातच आहे. आपल्याकडे कितीतरी बायका, पुरुषही, मनात काही असलं की प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या दाराने सटकतात, आणि असं करत वर्षं जातात. पौलाने करिंथकरांना लिहिलं ते आपण अर्धंच ऐकतो. माणसाने स्वतःची परीक्षा करावी, आणि मग भाकर खावी, प्याल्यातून प्यावं, असं ते आहे. परीक्षा करावी आणि घरी बसावं असं नाही. तुम्ही येत्या प्रभुभोजनाच्या आत तिच्याकडे जा आणि मग मेजावर या. तोवर थांबा. पण हे थांबणं दिवसांचं असू द्या, महिन्यांचं नको.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रातला एक शब्द मला फार मोलाचा वाटतो. योहानाच्या पहिल्या पत्रातलं ते वचन तुम्हाला तोंडपाठ असणार, संडे स्कूलमध्ये सगळ्यांकडून घोकून घेतात. आपण आपली पापं "पदरी घेतली", तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून क्षमा करील. कबूल केली, सांगितली असं साधं म्हणता आलं असतं. पण भाषांतर करणाऱ्यांनी पदरी घेतली म्हटलं. पदरात आपण काय काय घेतो? ओटी घेतो, निवडलेल्या शेंगा घेतो, रडणारं लेकरू घेतो. जे पदरात घेतलं ते आपलं झालं, त्याचं वजन आपल्या खांद्याला लागतं. गेली दोन वर्षं तुमचं ओझं दुसऱ्या एका बाईच्या पदरात आहे. देवासमोर तुम्ही ते शंभरदा कबूल केलं असेल. पदरी अजून घेतलेलं नाही.

आणि त्याच वचनात देव विश्वसनीय आहे आणि न्यायी आहे, दोन्ही एका दमात. दयाळू आहे म्हणून क्षमा करील, असं योहान म्हणू शकला असता. विश्वसनीय, म्हणजे तुम्ही पदर पसरलात तर तो माघार घेणार नाही. न्यायी, म्हणजे तिचं जे गेलं ते तो विसरणार नाही. यातलं एक ठेवून दुसरं सोडता येत नाही.

हे मी वरून सांगत नाही, म्हणून माझं सांगते. मी ३४ वर्षं नर्स होते. सुरुवातीच्या काळात लहान मुलांच्या वॉर्डात रात्रपाळी असताना पहाटे दोनचं टेंपरेचर न घेताच मी तक्त्यावर ९९ लिहिलं. खुर्चीत डोळा लागला होता. सकाळी सहाला त्याच पोराला १०४ ताप निघाला, फिट आली. सिस्टरांनी तक्ता हातात धरून विचारलं, दोनचं कुणी घेतलं? मी म्हणाले, ट्रेनी मुलीला सांगितलं होतं. एवढंच. ती मुलगी एकोणीस वर्षांची होती, गावाकडून नुकतीच आलेली, हातावर बांगडीच्या जागी काळा दोरा. तिने माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. तिला वाटलं असेल, मीच विसरले असेन. पोर चार दिवसांत बरं होऊन घरी गेलं. त्या मुलीची नाताळची सुट्टी रद्द झाली आणि वर्षाच्या आत ती ट्रेनिंग सोडून गेली. याच कारणाने गेली का, ते मला माहीत नाही. मी रोज संध्याकाळी चॅपलमध्ये गुडघ्यावर बसत होते आणि देवाची क्षमा मागत होते. सिस्टरांना मी सांगितलं ते सहा वर्षांनी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे मला सांगून आता कुणाचं भलं झालं? मी त्या मुलीच्या गावच्या पत्त्यावर दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. पत्रं पोचली की नाही तेही कळलं नाही.

देवाने मला टाकलं नाही. याची खूण मला आयुष्यभर मिळत राहिली, ती इथे मोजत बसत नाही. पण त्या मुलीला "तू विसरली नव्हतीस" हे सांगायची जागा माझ्या हातून गेली ती गेली. तुमची अजून आहे. दोन गल्ल्या पलीकडे फॉल लावत बसलेली आहे.

तेव्हा जा. कसं जायचं ते सांगते, कारण अशा वेळी माणूस चुकीच्या रीतीने जातं आणि असलेलं आणखी बिघडवून येतं.

आधी मिस्टरांना सांगा. त्यांना माहीत आहे की नाही हे पत्रात नाही, पण मला वाटतं नसावं. त्यांची परवानगी मागायला सांगत नाही. तुमच्या मागे घरी कुणीतरी जागं असावं म्हणून सांगा. लढाई चालू असताना प्रार्थनेत वर धरलेले मोशेचे हात दुखून खाली यायला लागले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत हात स्थिर राहिले. तिथे "स्थिर" म्हणायला मूळ इब्रीत जो शब्द आहे तो "एमूना", आणि देवाच्या विश्वासूपणाला शास्त्रात हाच शब्द येतो. आपण प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो ते "आमेन"ही त्याच धातूचं. तुमचे हात दोन वर्षं एकटीने वर धरून ठेवायचा तुम्ही प्रयत्न करताय.

तिच्याकडे मात्र एकट्या जा. पाळकांना, अध्यक्षीणबाईंना बरोबर नेऊ नका. चार माणसं दारात बघून ती बिचारी आधी घाबरेल की आता आणखी काय निघालं. रिकाम्या हाताने जा. साडी नको, फळं नकोत, पाकीट तर नकोच. बसा म्हणाली तर बसा. आणि पहिल्या दोन वाक्यांत मुद्द्याचं सांगून टाका: "लिलावाचे १२,००० मी घेतले होते. कमिटीपुढे मी खोटं बोलले आणि आळ तुमच्यावर आला." मुलाची फी, थकलेला पगार, शेवटची तारीख यांतलं काही तिने विचारल्याशिवाय सांगू नका. ते सगळं खरं आहे, मला त्याचं वाईटही वाटलं, पण त्या खोलीत ते सांगितलंत की तिला तुमच्यावर दया करावी लागेल, आणि तिच्यावर ती वेळ आणायचा तुम्हाला अधिकार नाही. तिच्यापुढे रडायचंही शक्यतो टाळा. तुम्ही रडलात तर ती उठून पाणी देईल, पाठीवरून हात फिरवील, आपल्या बायकांची सवयच ती. आणि पुन्हा तीच देणारी होईल.

"देवाने मला क्षमा केली आहे" हे वाक्य तोंडातून काढू नका. खरं असलं तरी काढू नका.

क्षमा मागा, पण उत्तरासाठी थांबू नका. ती लगेच देईलही; विधवा बाई गावात एकटी राहते, कुणाशी वैर तिला परवडत नाही, म्हणूनही देईल. ती शिव्या देईल. गप्प बसेल. दार लावून घेईल. यांतलं काहीही झालं तरी देव तुमच्याशी कसा आहे याचं माप ते नव्हे.

मग तिला एक विचारा: मंडळीला कसं सांगू? हा निर्णय तिचा. खोटं कमिटीपुढे बोललं गेलं, तर खरंही कमिटीपुढे बोललं जायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण रविवारी उपासनेत सगळ्यांसमोर उभं राहून तुम्ही साक्ष द्यावी का, याबद्दल आहे. आपल्या मंडळ्यांत साक्षीची एक गंमत होऊन बसते, सांगणाऱ्याभोवतीच सगळे गोळा होतात, हात धरतात, रडतात, आणि जिचं नुकसान झालं ती पुन्हा मागच्या बाकावर राहते. तिला चालणार असेल तर पाळकांना सांगा, त्यांनी कमिटी बोलवावी, तुम्ही तिथे स्पष्ट शब्दांत सांगावं आणि ते वहीत लिहिलं जावं. खजिनदारपद त्याच बैठकीत सोडा. पाचव्या हिश्शाचं म्हणाल तर १२,०००चा पाचवा हिस्सा २,४०० होतो. जमेल तेव्हा मंडळाच्या पेटीत टाका, तिच्या हातात नव्हे. अब्रूची किंमत लावली असं तिला वाटायला नको.

मुलाला तुम्हीच सांगा, बाहेरून कळायच्या आत. आणि सांगताना "तुझ्यासाठी केलं" हे शब्द वापरू नका. तो आयुष्यभर तो डिप्लोमा छातीवर दगडासारखा वागवेल. म्हणा, मी घाबरले होते आणि मी चुकले.

मुलीच्या लग्नाबद्दल मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. लोक बोलतील. लहान गाव आहे, सगळे एकमेकांचे सोयरे. नाताळपर्यंत ही गोष्ट आसपासच्या तालुक्यांत पोचेल. एखादं स्थळ परत जाईलही. दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला मारवलेल्या दाविद राजाला नाथान संदेष्ट्याने सांगितलं, की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. आणि त्याच तोंडाने पुढचं दुःखही सांगितलं. क्षमा मिळाली, आणि लेकरूही गेलं. हा अध्याय मला आजही वाचवत नाही, पण तो शास्त्रात आहे. देव विश्वासू आहे याचा अर्थ आपली झाकलेली मूठ तो झाकलेलीच ठेवील असा मी करू शकत नाही. मूठ उघडल्यावरही तो तिथेच असेल, एवढंच मला ठाऊक आहे.

विलापगीतातलं ते वचन, त्याची करुणा रोज सकाळी नवी होते, आपण कॅलेंडरावर फुलांच्या चित्राखाली छापतो. ते लिहिलं गेलं तेव्हा यरुशलेम जळून पडलेलं होतं, इ.स.पू. ५८६ नंतरचा काळ, आणि लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की हे आपल्याच लोकांच्या कर्माने झालं आहे. पुस्तक त्या वचनावर संपतही नाही. मध्यावर ते येतं, आणि पुढे पुन्हा भूक आणि राख. रोज सकाळी नवी, कारण कालची काल संपून गेलेली असते. तुम्हाला उद्याची आज मिळणार नाही. त्या दुपारी तिच्या दारात उभ्या राहाल तेव्हा त्या दुपारपुरती मिळेल.

कोणत्या तोंडाने भजन म्हणू, हे राहिलं. आपण रविवारी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं म्हणतो. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. आपली ती वर्षं कशी गेली, टिळक किती तापट होते, घरात काय काय झालं, ते लक्ष्मीबाईंनी आपल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. ते वाचूनही मंडळीने त्यांची भजनं म्हणायची सोडली नाहीत. लक्ष्मीबाईंनीही सोडली नाहीत. न चुकलेल्या तोंडांनीच गायचं ठरलं तर पेटी वाजवणाऱ्यालाही उठून जावं लागेल. पण तुमचा गळा दाटतो तो वेगळ्या कारणाने, शेवटच्या बाकावर ती बसलेली असते म्हणून. तो अडसर निघाला की आवाज आपोआप येईल. नाही आला तर नुसत्या उभ्या राहा, बाकीचे म्हणतील तुमच्या वाटचं.

पेत्राची गोष्ट मी मुद्दाम सांगितली नाही, तुम्ही ती शंभरदा ऐकली असेल. त्यातलं एकच सांगते. मुख्य याजकाच्या अंगणात जिथे त्याने प्रभूला ओळखत नाही म्हणून नाकारलं तिथे कोळशाचा विस्तव होता. पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी प्रभूने त्याला जेवायला बोलावलं तिथेही कोळशाचा विस्तव होता. योहानाने दोन्हीकडे एकच शब्द वापरला आहे, आणि सगळ्या नव्या करारात तो या दोनच ठिकाणी येतो. पेत्राला तो वास आला असेल. प्रभूने त्याला त्या वासापाशी नेलं, पण प्रश्न विचारायच्या आधी भाकर आणि मासळी दिली. प्रश्न न्याहारीनंतर.

म्हणून जायच्या दिवशी उपाशी जाऊ नका. उपास धरून, रात्रभर जागून, पाचवं वचन देऊन जाऊ नका. नेहमीसारखं जेवा, भांडी आवरा, आणि तीन-साडेतीनला निघा. तिच्या शिलाई मशीनचा आवाज बाहेर येत असेल तर दोन मिनिटं थांबा, हातातला फॉल संपू द्या. मग कडी वाजवा. आणि पुन्हा पाय मागे फिरले, दारातूनच परत आलात, तर पत्र लिहून मला कळवत बसू नका. दुसऱ्या दिवशी परत जा.

तुम्हा दोघींची नावं माझ्या रोजच्या प्रार्थनेत आहेत. तिचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून मी "फॉल लावणारी बहीण" म्हणते.

तुमची,
ताई